पट्टी म्हणजे नुसतं लाकूड नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गाण्यातली पट्टी म्हणजे गायकानं धरलेला सा, असं मी ‘पट्टी’ या शब्दावरच्या लेखात म्हटलं होतं. त्याखाली तुम्ही लिहिलंय : "पट्टी म्हणजे पेटीचं बटण. गाण्याच्या बाबतीत स्केल म्हणतात, एवढं तरी लिहिण्याआधी माहीत करून घ्यावं." यातलं ‘एवढं तरी’ गाळलं असतं तरी मुद्दा पोचला असता. चूक दाखवायला कुणाची ना नाही, पण शिकवणीच्या पोराला दटावल्यासारखं, इतक्या वरच्या पट्टीत कशाला?

आधी तुमचं बरोबर आहे ते. काळी चार, म्हणजे पेटीच्या (हार्मोनियमच्या) सप्तकातली चौथी काळी पट्टी, ही ए शार्प असं मी लिहिलं होतं. ते चूक. काळी चार म्हणजे जी शार्प. ए शार्प ही काळी पाच. दुरुस्त केलंय, आभार.

आता ‘बटण’. बटणं सदऱ्याला असतात. पेटीला पट्ट्या असतात, बहुधा ३९ नाहीतर ४२, आणि शब्द तिथूनच आला हे मी लेखातच म्हटलंय. पण तो तिथं थांबला नाही. मैफिलीआधी तबलजी विचारतो, "पट्टी कोणती?" त्याच्या तबल्याला कुठं पट्ट्या असतात? त्याला षड्ज, म्हणजे गायकाचा सा हवा असतो, कारण त्यावर कुठला तबला काढायचा ते ठरतं. साडेपाच इंची तोंडाचा तबला साधारण काळी एकला बोलतो, काळी चारला त्याहून लहान तोंडाचा लागतो. बाजूचे लाकडी गट्टे खाली ठोकून, पुडीच्या (वरच्या कातड्याच्या) कडेला विणलेल्या गजऱ्यावर हातोडी मारून एखादा सूर चढवता येतो. हट्टानं आणखी ताणलात तर वादी (ताणाची चामड्याची दोरी) तुटते किंवा पुडी फाटते. फार उतरवलात तर आस (नादाची गुंज) जाते, चाट (पुडीची कड) बद्द वाजते. मिरजेत तानपुरा घेतानाही आधी पट्टीच सांगावी लागते, कारण तारांची जाडी त्यावर ठरते. तिथंही बटण नाही.

याहून नेमका दाखला स्केलचेंजर पेटीचा. गायिका नव्हे, गायक धरा, पट्टी काळी दोन. पेटीवाल्याचा हात बसलाय काळी एकला : सा रे काळी एक-दोन, ग पांढरी चार, म प ध काळी तीन-चार-पाच, नी पांढरी एक. तो पट्ट्यांचा सगळा संच दोन घरं वर सरकवतो. आता बोट काळी एकवर, पण खाली उघडतं ते काळी दोनचं रीड (हवेनं वाजणारी धातूची जीभ). कार्यक्रमाची पट्टी कोणती सांगाल? बोटाखालचं लाकूड की कानावर पडणारा सा? तीस वर्षं पेट्या जुळवतोय. या प्रश्नाला ‘काळी एक’ असं उत्तर देणारा गायक मला भेटलेला नाही.

आणि ‘स्केल’? पाश्चात्त्य संगीतात स्केल म्हणजे सुरांची चढती-उतरती ओळ, आपल्या थाटाच्या (राग ज्यात बसवतात त्या सात सुरांच्या संचाच्या) जवळपासची गोष्ट. आपण ज्याला पट्टी म्हणतो त्याला इंग्रजी ‘की’ म्हणतं, आणि पेटीच्या पट्टीलाही ‘की’च म्हणतं. म्हणजे तुम्ही ज्या भाषेचा आधार घेऊन मला झापलंत, तिथंही दोन्ही अर्थांना एकच शब्द आहे. आपल्याकडे सर्रास स्केल म्हणतात, मीही बोलताना म्हणतो. पण ते शुद्ध आणि पट्टी अशुद्ध, हा न्याय कुठला? वर मी ‘वरच्या पट्टीत’ लिहिलं तेव्हा तुम्हाला काय दिसलं? बटण?

बाकीचं थोडक्यात. पेटी परकी म्हणून तिचा शब्दही टाकावा, हे तुमचं म्हणणं. आकाशवाणीनं १९४० साली पेटीच बाहेर काढली होती, पुढं परत घेतली. तो वाद इथं नको. ‘पट्टीचा पोहणारा’ कुठून आला ते विचारताय, तो वेगळा विषय. काळी चार नेमकी कोणत्या सप्तकातली हे शब्दावरून कळत नाही, हा आक्षेप कागदावर ठीक. बाई गाणार की बुवा, एवढं कळलं की साथीदाराला पुढचं विचारावं लागत नाही.

आणि हो, जुनी पेटी दाखवून "माझी काळी एक मोबाइलच्या ट्यूनरशी जुळत नाही, मग तुमची व्याख्या कशी खरी?" असं जे विचारलंत : ती पेटी ४४० हर्ट्झला, म्हणजे ट्यूनर धरतो त्या प्रमाण सुराला, लावलेली नसणार. सूर चढवायचा तर रीड टोकाशी घासतात, उतरवायचा तर बुडाशी, अगदी हलक्या हातानं. टोकाला जास्त घासलंत तर पातळ होऊन किणकिणतं. घरी करू नका.