आधी विचारा तरी, पाहिजे काय

सलाम मंडळी. आज जरा मोठं लिहिणार आहे, पण वाचा.

सकाळी आपल्या चर्चमध्ये संदेश, म्हणजे प्रवचन होतं चांगल्या शोमरोन्यावर, रस्त्यात जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्याची येशूने सांगितलेली गोष्ट, "माझा शेजारी कोण?" पाळकसाहेब इतकं सुंदर बोलले की माझे डोळे भरून आले. आणि उपासना संपून तास झाला नाही तोवर कमिटीची मीटिंग, विषय नाताळचं समाजकार्य, आणि दहा मिनिटांत ठरलंसुद्धा की गेल्या वर्षीसारखीच शंभर ब्लँकेटं, चर्चचं नाव छापलेल्या पिशव्या आणि फोटोसाठी मागे एक फ्लेक्स. मी एवढंच विचारलं की समोरच्या गल्लीत कोणाच्या घरी पांघरायला नाहीये, एक नाव सांगा. सगळे गप्प. मग एक दादा म्हणाले, ताई तुम्ही प्रत्येक गोष्टीला फाटे फोडता.

फाटे नाही फोडत हो. मला आजी आठवते.

गेटच्या डाव्या हाताला कोथिंबीर-मेथी घेऊन बसते ती आजी. तिचं नाव इथे लिहीत नाही, तिला विचारलेलं नाही. अकरा वर्षं मी तिच्याकडून भाजी घेते. गेल्या नाताळात पहिलं ब्लँकेट तिलाच दिलं आपण, ग्रुपवर फोटोही तिचाच फिरला. जानेवारीत बघते तर ते ब्लँकेट गोणपाटासारखं खाली अंथरलेलं आणि त्यावर मेथीच्या जुड्या. मला राग आला, बोलले मी तिला. ती म्हणाली, "ताई, तीन ठिकाणची तीन मिळाली. पांघरायला एकच लागतं ना." आणि पाटीखालून एक प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात आधार, रेशनकार्ड, पासबुक आणि श्रावणबाळ योजनेचा अर्ज. कोरा. घडीवर फाटायला आलेला. "हे कुणी भरून देईल का तुमच्यात?"

श्रावणबाळ म्हणजे ६५ च्या पुढच्या निराधार माणसाला सरकारकडून महिन्याला १,५०० रुपये. त्यासाठी वयाचा पुरावा लागतो, रहिवासी दाखला लागतो, घरचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत असल्याचा दाखला लागतो, खात्याला आधार जोडलेलं लागतं. हे सगळं कोण करणार तिच्यासाठी? आपल्या चर्चमध्ये बँकेतून रिटायर झालेले तीन जण आहेत, शिक्षिका आहेत, वकील आहेत. गेटपासून ती वीस पावलांवर. आणि आपण तिला काय दिलं, तर ब्लँकेट, ते पण फोटो काढून.

हार्वेस्टला, पिकासाठी देवाचे आभार मानायच्या सणाला, आपण लिलाव करतो ना, आत कोथिंबिरीची एक जुडी पाचशेला जाते, टाळ्या वाजतात. पैसे देवाच्या कामाला जातात, चांगलंच आहे, मी पण बोली लावते. पण त्याच दिवशी बाहेर पडून आजीशी पाच रुपयांवरून घासाघीस करणारे पण आपणच, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि रविवारी आपल्या गाड्या लागतात म्हणून वॉचमन तिला पाटी उचलायला लावतो. दर रविवारी! गल्लीतल्या एका पोराला विचारलं, चर्चचे लोक कसे रे, तर म्हणाला, "ते रविवारी गाड्या लावतात ते." इतकी वर्षं या पेठेत आहोत आपण, आणि ही आपली ओळख. मला झोप लागली नव्हती त्या रात्री.

गुरुवार पेठेतलं पवित्र नाम देवालय, १८८५ सालचं, त्याला अख्खं पुणं पंचहौद म्हणतं. नाव पाण्याच्या हौदांवरून, लोकांनी ठेवलेलं. आपल्या चर्चला लोक कशावरून नाव ठेवतील?

केडगावला आपली सहल जाते, मुक्ती मिशनला, पंडिता रमाबाईंच्या आश्रमात. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या, अनाथ मुली, विधवा बघितल्या, आणि त्यांना घेऊन आल्या. त्यांचे स्वतःचे आईवडील दुष्काळात उपासमारीने गेलेले, त्यामुळे भूक काय असते हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. आणि नुसतं जेवू घालून थांबल्या नाहीत, शेती, विणकाम, छापखाना, हाताला काम दिलं. आपण तिथे जाऊन फोटो काढतो, घरी येतो आणि पुन्हा ब्लँकेटं वाटतो.

आता म्हणाल, कोणाच्या घरी जाऊन बसलं की लोक म्हणतात बाटवायला आले. हो, म्हणतात. भीती खोटी नाहीये, मला पण वाटते. पण क्वार्टर गेटच्या सिटी चर्चला १७९२ मध्ये सवाई माधवराव पेशव्यांनी जागा दिली होती, आपण काही काल आलेलो नाही या शहरात. आणि संशय येतो तो वर्षातून एकदा पिशवी घेऊन उगवणाऱ्याचा. रोज भेटणाऱ्याचा, नावाने हाक मारणाऱ्याचा कोण संशय घेतं? ब्लँकेटं पण लागतात, स्टेशनबाहेर झोपणाऱ्याला लागतातच, ठीक आहे, मान्य.

आजीचा अर्ज आम्ही दोघींनी भरला. दाखल्यांसाठी चार खेपा झाल्या, जुलैपासून पैसे येतात. पण मला सांगायचंय ते वेगळंच. रिक्षात बसल्यावर ती बोलायला लागली. १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती, नदीकाठचं घर गेलं, आणि आईबरोबर ती आठ दिवस आपल्याच चर्चच्या हॉलमध्ये राहिली होती. आपल्याच. एक बाई रोज सकाळी तिची वेणी घालायची म्हणे, त्या बाईचं नाव तिला अजून पाठ आहे. म्हणून ती त्या गेटपाशी बसते. मी घरी येऊन नुसती रडले. आपल्यात कोणालाच हे माहीत नाही, कमिटीत कोणाला माहीत असेल तर सांगा मला. गल्लीने आपल्याला लक्षात ठेवलं आणि आपण विसरलो.

तो हॉल आठवड्यातले सहा दिवस कुलूपबंद असतो, लाइट, पंखे सगळं आहे. समोर दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं आणि टीव्ही, तिथे दहावीची पोरं अभ्यास करतात. त्यांना हॉल पाहिजे की नाही हे पण मला माहीत नाही, जाऊन विचारावं लागेल. घरटी जाऊन, दोघं-दोघं, हातात पिशवी न घेता. दादा, सकाळी आवाज चढला त्याबद्दल माफ करा. तुम्ही थंडीत रात्री दोनपर्यंत ब्लँकेटं वाटत फिरला होतात ते मला माहीत आहे, तुमच्यासारखी माणसंच पाहिजेत या कामाला.

येत्या शनिवारी संध्याकाळी पाचला मी आजीच्या पाटीशेजारी स्टूल टाकून बसणार आहे. गल्लीतल्या अजून दोघींचे कागद अडलेत, तिनेच सांगितलं. पेन, डिंक, स्टेपलर माझ्याकडे आहे. बँकेतलं कळणारं कोणी आलं तर बरं होईल. आणि गाडी घरी ठेवून या.