‘लस घेतली ना, मग जखमेत इंजेक्शन कशाला?’

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलेला मेसेज तुमच्याकडेही आला असेल. त्यात म्हटलंय, कुत्रा चावला तर दंडावरची रेबीजची लस पुरे, कारण शरीर अँटीबॉडी (विषाणूला पकडणारी प्रथिनं) स्वतःच बनवतं. जखमेत टोचतात ती तयार अँटीबॉडी म्हणजे पैसे काढायचा प्रकार. वर ते घोड्याउंदरांचं रक्त. यातलं एकच वाक्य पूर्ण खरं आहे आणि घात तेच करतं.

‘शरीर अँटीबॉडी स्वतःच बनवतं.’ हो, बनवतं, आणि कसं ते कळलं की थक्क व्हायला होतं. आपल्याकडे जीन्स साधारण 20 हजार. अँटीबॉडी मात्र कोट्यवधी तऱ्हांच्या. हे कोडं जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा यांनी 1976 मध्ये उलगडलं आणि त्यासाठी त्यांना 1987 चं नोबेल मिळालं. अँटीबॉडीची जीन सलग नसतेच, सुटे तुकडे असतात. घडताना प्रत्येक बी पेशी (अँटीबॉडी बनवणारी पांढरी पेशी) आपापले तुकडे उचलून जोडते. अँटीबॉडी जड आणि हलक्या अशा दोन तऱ्हेच्या साखळ्यांची बनते. जड साखळीसाठी तीन ढीग: सुमारे 40, 23 आणि 6 तुकड्यांचे. गुणाकार करा, साडेपाच हजार जोड्या होतात. हलक्या साखळीच्या साधारण 300. दोन्ही मिळून सोळा लाखांवर, आणि तुकडे जोडताना सांध्यावर डीएनएची काही अक्षरं गळतात, काही नवी घुसतात, त्याने आकडा कुठच्या कुठे जातो. म्हणूनच रेबीजचा विषाणू आयुष्यात न भेटलेल्या माणसाच्या अंगातही त्याला नेमकी पकडणारी एखादी पेशी असते.

पण असते ती एखादीच. लस टोचल्यावर ती पेशी हुडकली जायची, तिच्या हजारो प्रती व्हायच्या, मग रक्तात पुरेशा अँटीबॉडी यायच्या. याला साधारण 7 ते 14 दिवस लागतात.

‘मग लस पुरे.’ तेवढे दिवस विषाणू थांबत नाही. तो जखमेतून मज्जातंतूत शिरतो आणि मेंदूकडे निघतो. लक्षणं दिसू लागली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य. चावा चेहऱ्यावर किंवा हातावर असेल तर अंतर आणखी कमी. म्हणून कातडी फुटली असेल तर आधी साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुणं, त्याच दिवशी लस, आणि तयार अँटीबॉडी थेट जखमेत, कडेकडेने आणि खोलवर. दुखतं, लहान मूल तर किंचाळतं. पण विषाणू तिथेच आहे, त्यामुळे सुईही तिथेच हवी. पूर्वी रेबीजच्या लसीचा पूर्ण कोर्स झालेल्यांना मात्र ही तयार अँटीबॉडी लागत नाही. त्यांच्या पेशी आधीच तयार असतात.

‘घोड्याउंदरांचं रक्त.’ लस दिलेल्या घोड्याच्या रक्तातून शुद्ध केलेल्या अँटीबॉडी वापरतात, हे खरं. त्यांनी असंख्य जीव वाचवलेत. ॲलर्जीची थोडी शक्यता असते, म्हणून ते इंजेक्शन दवाखान्यात, तयारीनिशी देतात. माणसाच्या रक्तातूनही अँटीबॉडी काढतात, पण त्या महाग पडतात. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची ‘रॅबिशील्ड’ ही तयार अँटीबॉडी वेगळ्या वाटेने आली. माणसाच्या अँटीबॉडी-जीन्स बसवलेल्या उंदरांमध्ये नेमकी अँटीबॉडी सापडली. आता तीच एक पेशींकडून टाक्यांमध्ये बनवून घेतात. बाटलीत उंदराचं रक्त नसतं, माणसाच्या घडणीची अँटीबॉडी असते.

पहिल्या दिवशी तयार अँटीबॉडी मिळाली नाही तर दुसऱ्या दवाखान्यात शोधा, तिसऱ्या दिवशीही घ्या. पहिल्या लसीला 7 दिवस उलटल्यावर मात्र ती देत नाहीत, कारण तोवर शरीराच्या स्वतःच्या अँटीबॉडी येऊ लागलेल्या असतात.