बँक बुडाली म्हणून सभासदाच्या सातबाऱ्यावर बोजा चढत नाही

‘बँक अवसायनात गेली की ठेवीदारांचे पैसे सभासदांच्या घरादारातून वसूल होतात. आजच शेअर्स परत करा.’ सातारा-सांगलीकडे मोबाइलवर फिरणाऱ्या या मेसेजमधली दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. अवसायन म्हणजे बुडालेल्या बँकेचा कारभार गुंडाळणं; ते करणारा अधिकारी म्हणजे अवसायक.

आधी वसुली. नागरी सहकारी बँकेत सभासदाची जबाबदारी मर्यादित असते. म्हणजे शेअरवरची न भरलेली रक्कम, किंवा अवसायनाच्या वेळी देऊ असं कबूल केलेली रक्कम, एवढीच. सहकार कायद्याचं कलम १०५ अवसायकाला सभासदांचा वाटा ठरवायचा अधिकार देतं, पण तोही या मर्यादेतच. शेअर पूर्ण भरलेला असेल आणि उपविधीत (बँकेच्या नियमावलीत) जादा कबुली नसेल, तर मागायला काही उरत नाही. भीतीचं मूळ जुनं आहे: १९०४ च्या कायद्यात गावच्या सोसायट्यांची जबाबदारी अमर्यादित होती.

मग शेजारच्या सभासदाच्या जमिनीवर बोजा कसा चढला? तो कुणाला तरी जामीन राहिलेला असतो. १० लाखांच्या तारणी कर्जाला अडीच टक्के, म्हणजे २५,००० चे शेअर्स घ्यायची अट असे. विनातारण कर्जाला ५ टक्के. पुरेसं भांडवल असलेल्या बँकांना ही अट २०२२ पासून ऐच्छिक आहे. त्यामुळे कर्जदार सभासद, जामीनदारही बहुधा सभासदच. हप्ते थकले की कलम १०१ खालचा वसुली दाखला दोघांवरही निघतो आणि वसुली अधिकारी जप्तीला येतो. ही वसुली कर्जाची, शेअर्सची नव्हे. गैरव्यवहार करणाऱ्या संचालकांवर कलम ८८ खाली व्यक्तिशः भरपाई बसते, ती आणखी वेगळी.

शेअर्स परत करायचा सल्ला तर निरुपयोगीच. भांडवल पर्याप्तता (जोखमीच्या कर्जांच्या तुलनेत बँकेचं स्वतःचं भांडवल) ९ टक्क्यांखाली गेलेल्या बँकेला शेअर्सची रक्कम परत देता येत नाही. सभासदत्व सोडलं तरी बँकेच्या त्या दिवशीच्या देण्यांची जबाबदारी, वरच्याच मर्यादेत, कलम ३३ प्रमाणे २ वर्षं राहते.

ठेवीदाराला पैसे मिळतात ते आधी ठेव विमा महामंडळाकडून, ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत. कराड जनता बँकेचा परवाना डिसेंबर २०२० मध्ये रद्द झाला, तेव्हा ९९ टक्क्यांहून जास्त ठेवीदारांना पूर्ण रक्कम विम्यातून मिळेल, असं रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलं होतं. स्वतःचं देणं आधी वजा होतं: ७ लाख ठेव आणि ३ लाख देय कर्ज असेल तर हाती ४ लाख. पाच लाखांवरचं येणं अवसायकाच्या कर्जवसुलीतून, आणि महामंडळाची परतफेडही त्यातूनच. शेअर्सचा नंबर सगळ्यात शेवटी. त्यांना विमा नाही, ती रक्कम बहुतेकदा बुडतेच. पतसंस्थेच्या ठेवींनाही हा विमा नाही.

नोटीस आलीच तर आधी कलम आणि कर्जखाते क्रमांक बघा. दोन्ही नसतील तर सही करण्याआधी अवसायकाकडून लेखी खुलासा मागा.