०.०५ म्हणजे ९५ टक्के खरे नव्हे

शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या माझ्या भाचीने गेल्या आठवड्यात मला एक संदेश पाठवला. 'संशोधकांसाठी संख्याशास्त्राचे सहा सुवर्णनियम' हे त्याचे शीर्षक, शेवटी 'मार्गदर्शकही इतके सोपे करून सांगणार नाहीत' अशी ग्वाही, आणि त्याखाली तिचा प्रश्न : 'मामा, आमच्या गटात सगळ्यांनी हे जपून ठेवलंय. बरोबर आहे ना?'

बरोबर नाही. ते सहा नियम थोडक्यात असे आहेत. नमुना ३० चा असला की पुरे. पी-मूल्य ०.०५ पेक्षा कमी आले की आपली परिकल्पना ९५ टक्के खरी. ते जास्त आले की दोन्ही पद्धती सारख्याच परिणामकारक. पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी घेऊन टी-परीक्षिका (दोन सरासऱ्यांतला फरक तपासणारी चाचणी) लावली की नियंत्रित गटाची गरज नाही. क्रोनबॅक अल्फा ०.७ च्या वर असला की प्रश्नावली वैध. आणि सहावा, ज्याच्यामुळे मी हे लिहायला बसलो : फरक सार्थक येत नसेल, म्हणजे पी-मूल्य ०.०५ च्या खाली जात नसेल, तर टोकाचे गुण असलेले विद्यार्थी वगळून पाहा, दुसरी परीक्षिका लावून पाहा, मुलगे आणि मुली वेगळे करून पाहा, 'कुठेतरी सार्थकता सापडतेच'.

दुसऱ्या नियमापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या बहुतेक चुका त्याच्याच पोटातून निघालेल्या आहेत. दोन अध्यापन पद्धतींत काहीही फरक नाही, ही शून्य परिकल्पना खरी मानली, तर आपल्याला मिळाला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक निव्वळ नमुन्याच्या चढउतारामुळे दिसण्याची संभाव्यता म्हणजे पी-मूल्य. या व्याख्येत शून्य परिकल्पना आधीच खरी धरलेली आहे. जे गृहीत धरून गणित मांडले, तेच खरे असण्याची संभाव्यता त्याच गणितातून बाहेर कशी पडणार? शिक्षकाला वाचता येत असण्याची संभाव्यता जवळजवळ १०० टक्के असते, म्हणून वाचता येणारी कोणतीही व्यक्ती शिक्षक असण्याची संभाव्यताही १०० टक्के आहे असे कोणी म्हणत नाही. संदेशकर्त्याने मात्र नेमके हेच केले आहे, आणि वर त्याला 'सुवर्णनियम' म्हटले आहे.

ही चूक किती महाग पडते, ते कागदावर करून पाहता येते. समजा, २०० नव्या अध्यापन पद्धतींची चाचणी झाली आणि त्यांपैकी २० च खरोखर उपयोगी आहेत. शैक्षणिक संशोधनातले नमुने बहुधा लहान असतात, म्हणून खरा परिणाम पकडण्याची आपली ताकद ५० टक्के धरू. मग २० पैकी १० पद्धती सार्थक ठरतील. उरलेल्या १८० निरुपयोगी पद्धतींपैकी ५ टक्के, म्हणजे ९ पद्धती, योगायोगानेच सार्थक ठरतील. एकूण १९ प्रबंधांत 'फरक सार्थक आहे' असे छापले जाईल आणि त्यांतले ९ चुकीचे असतील. गृहीतके बदलली की हे आकडे बदलतील, हे मान्य. पण प्रत्येक प्रबंधात पी-मूल्य ०.०५ च्या खाली असूनही 'खरे' असण्याचे प्रमाण ९५ टक्क्यांवरून ५३ टक्क्यांवर घसरू शकते, एवढे यातून स्पष्ट व्हावे.

हे माझे वैयक्तिक मत असल्याची शंका कोणाला येऊ नये, म्हणून एकच आधार देतो आणि तोच पुढेही वापरणार आहे. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये पी-मूल्याविषयी एक अधिकृत निवेदन प्रसिद्ध केले आणि त्यात सहा तत्त्वे मांडली. योगायोग असा की या संदेशातले नियमही सहाच आहेत. निवेदनातले दुसरे तत्त्व सांगते की अभ्यासलेली परिकल्पना खरी असण्याची संभाव्यता पी-मूल्य मोजत नाही. विषय तिथेच संपायला हवा होता. ०.०५ या आकड्यातही काही दैवी नाही. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या आपल्या पुस्तकात वीसात एक ही मर्यादा सोयीची म्हणून सुचवली होती, आणि सोयीचा आकडा कालांतराने निकालपत्रावरच्या शिक्क्यासारखा वापरला जाऊ लागला.

तिसरा नियम याच चुकीची उलटी बाजू आहे. आपल्याकडच्या प्रबंधांत 'सबब शून्य परिकल्पनेचा स्वीकार करण्यात येतो' हे वाक्य इतके सर्रास आढळते की ते कोणालाच खटकत नाही. प्रत्येकी ३० विद्यार्थ्यांचे दोन गट आहेत, त्यांच्या मध्यमानांत (सरासरी गुणांत) ७ गुणांचा फरक आहे आणि दोन्ही गटांचे प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचे माप) सुमारे १५.५ आहे, असे धरा. पी-मूल्य ०.०८५ च्या आसपास येईल आणि संदेशानुसार दोन्ही पद्धती 'सारख्याच' ठरतील. पण याच आकड्यांवरून ९५ टक्के विश्वास अंतराल, म्हणजे माहितीशी सुसंगत फरकांचा पल्ला, काढले तर ते उणे १ पासून १५ गुणांपर्यंत पसरते. म्हणजे नवी पद्धत १५ गुणांनी सरस असण्याशीही ही माहिती सुसंगत आहे आणि किंचित निकृष्ट असण्याशीही. 'आम्हाला ठरवता आले नाही' हा इथला प्रामाणिक निष्कर्ष. पुरावा सापडला नाही म्हणजे परिणाम नाही, असे मानून किती चांगल्या पद्धती बाजूला पडल्या असतील, कोण जाणे. उलट, प्रत्येक गटात १०,००० विद्यार्थी घेतले तर १५ च्या प्रमाण विचलनापुढे अर्ध्या गुणाचा फरकही सार्थक ठरतो. परिणाम किती मोठा आहे किंवा किती महत्त्वाचा आहे हे पी-मूल्य सांगत नाही, असे त्याच निवेदनाचे पाचवे तत्त्व आहे.

पहिल्या नियमात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. नमुना ३० च्या पुढे गेला की टी-परीक्षिकेमागचे टी-वितरण घंटेच्या आकाराच्या प्रसामान्य वितरणाच्या बरेच जवळ येते. ३० मुक्तांशांना (म्हणजे एकाच गटाच्या ३१ च्या नमुन्याला) टी ची निर्णायक किंमत, जी ओलांडली की फरक ०.०५ स्तरावर सार्थक ठरतो, २.०४ आहे आणि प्रसामान्य वितरणाची १.९६. छापील तक्ते बघून गणिते करण्याच्या काळात ही सोय मोलाची होती. पण कोणते सूत्र चालेल हा एक प्रश्न आहे आणि परिणाम पकडायला किती विद्यार्थी लागतील हा अगदी दुसरा. मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांच्या परिभाषेत मध्यम परिणाम, म्हणजे अर्ध्या प्रमाण विचलनाइतका फरक, ८० टक्के ताकदीने पकडायचा असेल तर प्रत्येक गटात ६४ विद्यार्थी लागतात. गट ३०-३० चे असतील तर ही ताकद ५० टक्क्यांच्याही खाली राहते. नाणे उडवून प्रबंध लिहिण्यासारखेच हे झाले.

चौथा नियम वरवर निरुपद्रवी वाटतो, आणि म्हणूनच तो उपचारात्मक अध्यापनावरच्या कितीतरी अभ्यासांत शिरला आहे. पूर्वचाचणीत सर्वात कमी गुण मिळालेले विद्यार्थी निवडायचे, महिनाभर जादा शिकवायचे, उत्तरचाचणी घ्यायची आणि सुधारणा जाहीर करायची, असा हा आराखडा असतो. आता त्या महिन्यात कोणीही काहीही शिकवले नाही, असे समजा. चाचणीची विश्वसनीयता (ती पुन्हा घेतली तर गुण कितपत जुळतात याचे माप) ०.७ आहे, सर्वांचे मध्यमान ५० आहे आणि निवडलेल्या गटाचे मध्यमान ३० आहे. ज्यांना पहिल्या दिवशी कमी गुण मिळाले त्यांतले काही खरोखर मागे असतात, तर काहींचा तो दिवस वाईट गेलेला असतो. वाईट दिवस पुन्हा येतोच असे नाही, म्हणून दुसऱ्या चाचणीत या गटाचे अपेक्षित मध्यमान ३६ येते. फरकांचे प्रमाण विचलन ८ असेल आणि विद्यार्थी ३० असतील, तर टी-मूल्य ४.१ येते. ०.००१ स्तरावरही सार्थक, तेही शून्य तास शिकवून! याला मध्यमानाकडे प्रतिगमन म्हणतात, आणि फ्रान्सिस गॉल्टन यांनी ते १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीच्या अभ्यासातून दाखवले होते. तेवढ्याच कमी गुणांच्या मुलांचा, जादा शिकवणी न दिलेला दुसरा गट ठेवला तर हे ६ गुण त्याच्याही खात्यात दिसतात आणि भ्रम उघडा पडतो. नियंत्रित गट लागतो तो यासाठी.

पाचव्याची विल्हेवाट दोन-तीन वाक्यांत लागते. ली क्रोनबॅक यांचा १९५१ चा अल्फा प्रश्न एकमेकांशी किती सुसंगत आहेत हे सांगतो, ते आपल्याला हवे तेच मोजतात का हे सांगत नाही, आणि वैधता म्हणजे तर नेमका हाच दुसरा प्रश्न. शिवाय प्रश्न वाढवले की अल्फा वाढतो. परस्परांशी सरासरी अवघा ०.१ सहसंबंध असलेले ३० प्रश्न एकत्र बांधले तरी तो ०.७७ येतो.

आता सहावा. याला अज्ञान म्हणवत नाही. शून्य परिकल्पना प्रत्येक वेळी खरी असताना २० स्वतंत्र चाचण्या केल्या, तर त्यांतली किमान एक ०.०५ स्तरावर सार्थक येण्याची संभाव्यता ६४ टक्के असते. 'कुठेतरी सार्थकता सापडतेच' हे विधान त्यामुळे बऱ्याचदा खरे ठरते आणि नेमक्या त्याच कारणासाठी अशा सार्थकतेला किंमत नाही. विद्यार्थी वगळण्याचे निकष उत्तरे पाहण्यापूर्वी ठरवले आणि प्रबंधात नोंदवले, तर वगळण्यात काही गैर नाही. निकाल पाहून वगळणे मात्र बाण मारल्यावर त्याच्याभोवती वर्तुळ काढण्यासारखे आहे. योग्य अनुमानासाठी संपूर्ण आणि पारदर्शक नोंद आवश्यक असते, हे निवेदनाचे चौथे तत्त्व. किती चाचण्या केल्या आणि त्यांतल्या किती दडवल्या, हे वाचकाला कळल्याशिवाय छापलेल्या पी-मूल्याचा अर्थच लागत नाही.

भाचीच्या स्वतःच्या अडचणीचा मात्र या संदेशात उल्लेखही नाही. तिच्याकडे ४०-४० विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्या आहेत, एकीत नवी पद्धत आणि दुसरीत जुनी. 'एकूण ८० आहेत, म्हणजे ३० पेक्षा कितीतरी जास्त,' असे ती समाधानाने म्हणाली. पण एका तुकडीतले विद्यार्थी एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. त्यांचा शिक्षक एक असतो, वेळापत्रक एक असते, आणि एकमेकांचे पाहून ते शिकतही असतात. तुकडीअंतर्गत सहसंबंध (एकाच तुकडीतल्या मुलांच्या गुणांतल्या साम्याचे माप) ०.२ धरला, तर ४० च्या तुकडीसाठी सरासरीच्या अंदाजाचे विचरण, म्हणजे त्यातल्या अनिश्चिततेचे माप, ८.८ पटीने फुगते आणि ८० विद्यार्थ्यांची माहिती सुमारे ९ स्वतंत्र विद्यार्थ्यांइतकी उरते. त्यातही प्रत्येक पद्धतीला एकच तुकडी असल्यामुळे फरक पद्धतीचा की शिक्षकाचा, हे कोणतेही सूत्र वेगळे करून सांगू शकत नाही. आणखी तुकड्या मिळवणे हाच खरा उपाय आहे, आणि तो या टप्प्यावर तिच्या हातात नाही.

हे ऐकून ती बराच वेळ गप्प होती. काल तिने मर्यादांच्या प्रकरणाचा मसुदा पाठवला. त्यात 'वेळेअभावी नमुना मर्यादित ठेवला' हे ठरीव वाक्य खोडलेले होते आणि त्याजागी लिहिले होते : 'प्रत्येक पद्धतीसाठी एकच तुकडी उपलब्ध असल्याने आढळलेला फरक अध्यापन पद्धतीचा की शिक्षकाचा, हे प्रस्तुत संशोधनातून निश्चित करता येत नाही.' खाली तिने विचारले होते, मार्गदर्शकांना हे चालेल का? मी उत्तर दिले, नाही चालले तर त्यांना माझ्याकडे पाठव.