देव पाण्यात घालून बसलेला आठवडा

ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगच्या ग्रँड फायनलवरच्या लेखात त्या दिवसाचं वर्णन सुंदर आलंय, पण खरा जीव टांगणीला लागतो तो आदल्या आठवड्यात. २०१६ साली आम्ही मेलबर्नच्या फुटस्क्रे भागात राहत होतो. तिथल्या वेस्टर्न बुलडॉग्ज संघाचं तोवरचं एकमेव विजेतेपद १९५४ चं, आणि १९६१ नंतर तर फायनललाच पोचले नव्हते! त्या वर्षी गुणतक्त्यात सातवे, तरी अख्खी वस्ती लाल-पांढऱ्या-निळ्या रंगात न्हालेली आणि देव पाण्यात घालून बसलेली. कर्णधार बॉब मर्फी गुडघ्याच्या दुखापतीमुळे बाहेर, त्याची हळहळ ज्याच्या-त्याच्या तोंडी.

आमच्या शेजारचे आजोबा १९५४ ला आठ वर्षांचे होते. गुरुवारी त्यांनी लोकरीचा जुना मफलर धुऊन दोरीवर घातला होता. कडा उसवलेल्या, एका टोकाला वडिलांची आद्याक्षरं. दर पाच मिनिटांनी येऊन तो वाळला का, चाचपून बघायचे.

शनिवारी मेलबर्नच्या एमसीजी मैदानावर बुलडॉग्जनी सिडनीला २२ गुणांनी हरवलं. प्रशिक्षक बेव्हरिजनी आपलं पदक मर्फीच्या गळ्यात घातलं, तेव्हा आजोबा तोच मफलर डोळ्यांना लावून रडत होते.