कंडोमला म्हणे छिद्रे असतात!

गेल्या आठवड्यात वसईहून वहिनींनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश पाठवला. त्यात मासेमारीच्या जाळ्याचे चित्र होते, जाळ्यातून निसटणारे लाल ठिपके होते आणि खाली लिहिले होते की कंडोमच्या रबराला सूक्ष्म छिद्रे असून त्यांतून एचआयव्हीचा विषाणू सहज आरपार जातो, कंडोममुळे एड्स उलट वाढतो, युगांडाने तो केवळ संयमाने आटोक्यात आणला आणि संततिनियमनाविषयी चर्चमध्ये कधी दुमत नव्हतेच. शेवटी वहिनींचा प्रश्न होता, ‘भावजी, हे पोरीला पाठवू का?’ पोरीचे लग्न डिसेंबरात आहे. मी स्वतः त्याच धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) वाढलेला कॅथलिक असल्यामुळे हे उत्तर जरा चिडूनच लिहीत आहे.

छिद्रांचा शोध कुणा रिकामटेकड्याने लावलेला नाही. २००३ साली व्हॅटिकनच्या कुटुंबविषयक परिषदेचे अध्यक्ष कार्डिनल अल्फोन्सो लोपेझ त्रुहियो यांनी बीबीसीच्या कार्यक्रमात सांगितले होते की हा विषाणू शुक्राणूपेक्षा सुमारे ४५० पटींनी लहान असतो आणि कंडोमच्या ‘जाळ्या’तून शुक्राणूसुद्धा सहज निसटतो. जागतिक आरोग्य संघटनेने तेव्हाच हे विधान चुकीचे आणि धोकादायक ठरवले. पण क्षणभर कार्डिनलांचेच खरे मानू. शुक्राणूही आरपार जात असतील, तर कंडोमने गर्भधारणा टळणारच नाही. मग गर्भधारणा टाळण्याचे कृत्रिम साधन म्हणून चर्चने त्याला इतकी वर्षे विरोध कशासाठी केला?

लॅटेक्स, म्हणजे कंडोमचे रबर, हे विणलेले जाळे नव्हे. काचेचे साचे द्रवरूप लॅटेक्समध्ये बुडवून त्याचा सलग पापुद्रा तयार केला जातो. मेंढीच्या आतड्यापासून बनवलेल्या कंडोमला विषाणू जाऊ शकेल एवढी छिद्रे असतात, एवढे मान्य करतो. म्हणूनच एचआयव्हीपासून बचावासाठी ते वापरू नयेत असे सांगितले जाते. आपल्याकडच्या औषधाच्या दुकानात मिळतात ते बहुतेक लॅटेक्सचे.

प्रयोगशाळेपेक्षा माणसांवरचा पुरावा मोलाचा. १९९४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये युरोपातील अशा जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, ज्यांत एकाला एचआयव्हीची लागण होती आणि दुसऱ्याला नव्हती. दर वेळी कंडोम वापरणारी १२४ जोडपी होती. त्यांच्यात सुमारे १५,००० वेळा संबंध येऊनही एकाही निरोगी जोडीदाराला लागण झाली नाही. कधी वापरणाऱ्या, कधी न वापरणाऱ्या १२१ जोडप्यांत मात्र लागण होत राहिली. वहिनींच्या चित्रातले लाल ठिपके त्या पंधरा हजार वेळांत कुठे गेले होते?

कंडोममुळे एड्स वाढतो, हे पोप बेनेडिक्ट सोळावे २००९ साली आफ्रिकेला जाताना विमानात म्हणाले होते, हे खरे. पुढच्याच वर्षी एका मुलाखतीत त्यांनी कबूल केले की, वेश्याव्यवसायातील व्यक्तीने लागण टाळण्यासाठी कंडोम वापरणे हे काही प्रसंगी जबाबदारीच्या दिशेने पहिले पाऊल ठरू शकते. संदेश लिहिणाऱ्याला नेमके तेवढेच आठवत नाही.

युगांडात लोकांनी जोडीदारांची संख्या कमी केली आणि त्याचा मोठा उपयोग झाला, हे नाइलाजाने का होईना, मान्य करावे लागते. मात्र तिथल्या मोहिमेत संयम आणि निष्ठा यांच्या जोडीला कंडोमही होता.

राहिला दुमताचा मुद्दा. पोपनीच नेमलेल्या आयोगातील बहुमताने १९६६ साली कृत्रिम साधनांना परवानगी देण्याच्या बाजूने कौल दिला होता. तो बाजूला सारून पोप पॉल सहावे यांनी जुलै १९६८ मध्ये कृत्रिम साधनांना मनाई करणारे ‘हुमाने विते’ हे परिपत्रक काढले. त्यातला युक्तिवाद दांपत्यसंबंधांच्या नैतिक स्वरूपाविषयी आहे, रबराच्या छिद्रांविषयी नाही. तो कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. दक्षिण आफ्रिकेतील रस्टेनबर्गचे बिशप केव्हिन डाउलिंग यांनी तर खाणवस्त्यांतल्या बायका एड्सने मरताना पाहून, जीव वाचवण्यासाठी कंडोम वापरू द्यावा असे उघडपणे सांगितले.

वहिनींना मी कळवले आहे की पोरीला ‘हुमाने विते’ खुशाल वाचायला द्या, जाळ्याचे चित्र मात्र पाठवू नका.