'प्रस्थान' हे पळून गेल्यावरचं चित्र नव्हे

जर्मन चित्रकार माक्स बेकमनच्या 'प्रस्थान' या तीन फलकांच्या तैलचित्राबद्दल एक मजकूर सगळीकडे फिरतोय. नाझींच्या छळामुळे चित्रकाराने जर्मनी सोडली, मग हे चित्र काढलं; कडेच्या फलकांत नाझींचे अत्याचार, मधल्या नावेत सुटून निघालेलं त्याचं कुटुंब; आणि वेदीचित्रासारखे (म्हणजे चर्चच्या वेदीवरच्या, बिजागऱ्यांनी मिटणाऱ्या चित्रासारखे) दोन्ही पंख, म्हणजे कडेचे फलक, मिटले की मधला फलक झाकला जातो, असं त्यात म्हटलंय.

आधी तारखा बघू. काम सुरू झालं १९३२ मध्ये, फ्रँकफुर्टला. हिटलर चॅन्सेलर झाला तो ३० जानेवारी १९३३ला. त्या वर्षी बेकमनची तिथल्या कलाशाळेतली नोकरी गेली, तो बर्लिनला आला आणि १९३५ मध्ये चित्र पुरं झालं. देश सोडून तो ॲमस्टरडॅमला गेला जुलै १९३७ मध्ये. नोकरी गेल्यावरची धास्ती रंगवताना उतरली असेलही, पण पलायनाची आठवण पलायनाच्या दोन वर्षं आधी कशी रंगवणार?

छळ आहे, यात वाद नाही. डावीकडे खांबाला बांधलेला, हात तोडलेला माणूस आहे, दुसरा पाण्याच्या पिंपात उभा. पण नाझी चिन्ह कुठेच नाही. गणवेश म्हणाल तर उजव्या फलकात हॉटेलातल्या पोऱ्याचा: डोळ्यांवर पट्टी, हातात मासा. शेजारी दिवा धरलेली बाई, तिच्या अंगाला उलटा बांधलेला पुरुष, पुढे ढोल बडवणारा. हा तुरुंग कमी, नाटकाचा रंगमंच जास्त. या चित्रात प्रचारकी हेतू नाही, ते कुठल्याही काळाला लागू पडेल, असं बेकमनने १९३८ मध्ये न्यूयॉर्कचे कलाविक्रेते कुर्ट व्हॅलेंटिन यांना कळवलं होतं.

'कुटुंब' तर अजिबात टिकत नाही. बेकमनचा एकुलता एक मुलगा पेटर १९०८चा, म्हणजे चित्र सुरू झालं तेव्हा चोविशीच्या घरातला. दुसऱ्या लग्नातून मूल नाही. नावेत आहेत मुकुट घातलेला पाठमोरा राजा, त्याच्या हाताशी मासळीचं जाळं, आणि लेकरू घेतलेली राणी. मासेमार राजाची, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या जखमी राजाची, दंतकथा इथे अनेकांना दिसते, आणि ते वाचन पटण्यासारखं आहे. मात्र एखाद्या ठरावीक पुराणकथेतला प्रसंग म्हणून ते बसवता येत नाही. राणीजवळचं मूल म्हणजे स्वातंत्र्य, असा अर्थ खुद्द बेकमनने सांगितला होता.

राहिल्या बिजागऱ्या. इथे मोजपट्टीच पुरे. तिन्ही फलकांची उंची २१५.३ सेंटिमीटर. मधला ११५.२ रुंद, कडेचे प्रत्येकी ९९.७. पंख मिटायचे तर प्रत्येक पंख मधल्याच्या निम्मा, म्हणजे साधारण ५७.६ हवा. हे दोन आत वळवले तर ८४ सेंटिमीटर एकमेकांवर चढतील. वेदीचित्राकडून बेकमनने तीन भागांची मांडणी घेतली, मिटण्याची सोय नाही. हे तीन वेगळे कॅनव्हास आहेत, भिंतीवर शेजारी शेजारी टांगायचे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात १९४२ पासून ते आहेत. बेकमन स्वतः अमेरिकेत पोचला १९४७ला.